पुणे-ब्रेमन स्कूल एक्सचेंज: पैसे वसूल, फक्त ते साइटसीइंग आवरा

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही ते मोकळे. होस्ट फॅमिली पाचात पाच. तिथली शाळा पाचात पाच, पण वाट्याला फार थोडी आली. ट्रॅव्हल एजंट पाचात दीड, त्यातला एक पोरं सुखरूप परत आणली म्हणून. आणि ऑक्टोबरात जर्मन पोरं आपल्याकडे राहायला येतात तो भाग, ज्याबद्दल त्या चकचकीत ब्रोशरमध्ये दोनच ओळी होत्या, त्याला मी पाचात सहा देईन.

लेक २०२४ च्या मे अखेरीस ब्रेमनला (उत्तर जर्मनीतलं शहर) गेली आणि जूनच्या मध्याला आली, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर. तेव्हा ती नववीत जाणार होती, जर्मन सहावीपासून घेतलेलं. घरात नेहमीचं सुरू झालंच, "नववी म्हणजे दहावीचा पाया, आत्ता कशाला पाठवताय", हे म्हणणारे काका स्वतः दरवर्षी ग्रुप टूरने युरोप करून येतात ते सोडा. आमच्या शाळेचं ब्रेमनच्या एका गिम्नाझियुमशी (तिकडची माध्यमिक शाळा) जुळलेलं आहे, आमच्या जर्मनच्या मॅडम आणि तिकडच्या मॅडम मिळून मुलांच्या जोड्या लावतात, आपलं मूल त्यांच्या घरी आणि मग त्यांचं मूल आपल्या घरी. ब्रेमन आणि पुण्याचं नातं तसं जुनं आहे, औंधचा ब्रेमन चौक त्याच्यावरूनच, रोज तिथे सिग्नलला थांबणाऱ्यांनी कधी विचार केला नसेल कदाचित.

पैशांचं आधी उरकते. सगळं धरून पावणेदोन लाखाच्या आत बसलं, त्यात मोठा आकडा विमानाचाच, मुंबई-फ्रँकफर्ट आणि पुढे ट्रेन (जी लेट झाली, पुढची कनेक्टिंग चुकली, जर्मन वेळेचे पक्के वगैरे जे आपण ऐकून असतो ते पोरांच्या डोक्यातून पहिल्याच दिवशी गेलं). राहणं-जेवण होस्टकडे, त्याचे पैसे नाहीत, कारण आपणही त्यांच्या मुलाचे घेत नाही. पण एक गोष्ट नीट वाचा. एजंटच्या कोटेशनमध्ये "शेंगेन व्हिसा फी" म्हणून प्रत्येकी दणदणीत रक्कम लावली होती. शाळेतर्फे शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि सोबतच्या शिक्षकांना शेंगेनची व्हिसा फी माफ असते, नियमातच आहे तसं, फक्त शाळेची पत्रं नीट लागतात आणि व्हीएफएसचा (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) सर्व्हिस चार्ज तेवढा भरावा लागतो. आमच्यातल्या एका बाबांनी (सीए आहेत, अजून कोण शोधणार) मीटिंगमध्ये हे काढलं तेव्हा एजंटचा माणूस आधी "ते पॅकेजचा भाग आहे हो" म्हणाला, मग "चेक करून सांगतो" म्हणाला आणि चार दिवसांनी सुधारित कोटेशन आलं, एका शब्दाचं सॉरी नाही. बाकी कागदांत दोन्ही पालकांचं नोटराइज्ड संमतिपत्र आणि किमान तीस हजार युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स, हे दोन वेळेवर करून ठेवा, नोटरीकडे शेवटच्या दिवशी धावू नका.

आता मुख्य गोष्ट. घर.

लेकीच्या होस्टकडे आई, बाबा, तिच्या जोडीला लावलेली पार्टनर (वय चौदा), पार्टनरचा सोळा वर्षांचा भाऊ आणि एक म्हातारी मांजर. पहिल्या संध्याकाळी जेवायला टेबलावर ब्रेड, चीज, काकडीचे काप, लोणी, उकडलेली अंडी. लेकीला वाटलं हे स्टार्टर, गरम जेवण मागून येईल. म्हणून तिने एकच ब्रेड खाल्ला आणि वाट बघत बसली. मागून आला तो टेबल पुसायचा फडका. तिकडे गरम जेवण दुपारी, रात्री हे असं थंड, हे मॅडमनी ओरिएंटेशनला सांगितलं होतं म्हणे, पण ते ऐकणं वेगळं आणि भुकेल्या पोटी बघणं वेगळं. दुसऱ्या दिवसापासून ती व्यवस्थित चार-चार ब्रेड हाणायला लागली. शाकाहारी मुलांचे हाल होतील ही जी आपल्या आयांना भीती असते ती सोडा, ब्रेड-चीज-बटाटे यावर पोर सहज निघतं, शिवाय मे-जून म्हणजे तिकडे पांढऱ्या ॲस्परॅगसचा सीझन, आपल्याकडे आंब्याचं जे होतं तेच, जिथे जाल तिथे तेच वाढतात. फक्त त्या अस्वलाच्या आकाराच्या गोळ्यांचं पाकीट मागून वाचायला शिकवा, बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन असतं आणि ते डुकराचं पण असू शकतं.

रोजच्या फोनवर बंदी होती. मॅडमनी सांगितलं होतं, दोन दिवसांतून एकदा, दहा मिनिटं, बाकी वेळ मुलांना तिथे राहू द्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अखंड हरिनाम सप्ताह चालू, कुणाची जेवली का, कुणाच्या मोज्यांचे फोटो, कुणी तिथलं तापमान बघून स्वेटर घाल म्हणून मेसेज फॉरवर्ड करतंय. पण बंदीचा फायदा झाला हे मान्य करावं लागेल, कारण जे काही अडलं ते तिने तिथेच विचारलं. उदाहरणार्थ सायकल. तिला पार्टनरच्या आईची जुनी सायकल दिली, तिला हाताने दाबायचा मागचा ब्रेकच नाही, पेडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आपल्या पोरांना सवय काय, उतारावर पेडल मागे फिरवत बसायचं. पहिल्या वळणावर तिने सवयीने पाय मागे घेतला आणि सायकल जागच्या जागी थांबली, ही पुढे हँडलवर. मग होस्ट बाबांनी घरासमोरच्या रस्त्यावर तिला अर्धा तास फेऱ्या मारायला लावल्या, उजव्या बाजूने चालवायचं, वळताना हात बाहेर काढायचा, लाल पट्टा सायकलींचा, त्यावर चालणारा माणूस दिसला की घंटी वाजवायची आणि अजिबात वाईट वाटून घ्यायचं नाही. नंतर पोरं रोज शाळेत सायकलनेच, एकट्याने, आईबाबा कोणी सोडायला नाही. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं हे मी तिला सांगितलं तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी विषय बदलला.

योगायोग असा की त्याच दिवसांत आपला लोकसभेचा निकाल लागला, ४ जूनला, आणि तिकडे ९ जूनला युरोपियन पार्लमेंटची निवडणूक. जर्मनीत त्या निवडणुकीला पहिल्यांदाच सोळा वर्षांच्या मुलांना मतदान होतं, म्हणजे पार्टनरचा तो भाऊ मतदार! आपल्याकडे सोळाव्या वर्षी पोरांना स्कूटर चालवायला देत नाही (म्हणजे द्यायची नसते). रात्रीच्या टेबलावर त्यांचं कोणाला मत द्यायचं यावर जोरात चालायचं, आई एका पक्षाची, मुलगा दुसऱ्या, आणि भांडण न होता. मग लेकीला विचारलं तुमच्याकडे कसं असतं, तिने ईव्हीएम, रांग, शाई सगळं सांगितलं, शाईवर कुणाचा विश्वास बसेना. मग व्हिडिओ कॉल, आणि मी इकडून माझं बोट कॅमेऱ्यासमोर धरून, पुण्याचं मतदान १३ मेला झालं होतं पण नखावरची शाई तशीच. होस्ट बाबांनी स्क्रीनशॉट काढून ऑफिसात दाखवला म्हणे. हे कुठल्या पॅकेजमध्ये मिळतं सांगा.

शाळा. इथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय आणि इथेच राग पण आहे.

वर्गात पंचवीस-सव्वीस मुलं, युनिफॉर्म नाही, नव्वद-नव्वद मिनिटांचे तास. बाई वर्गात आल्या तर कुणी उभं राहत नाही, आमच्या पोरी पहिल्या दिवशी सवयीने उठल्या आणि सगळा वर्ग त्यांच्याकडे बघायला लागला. मुलं फाउंटन पेनने लिहितात, निळ्या शाईची बोटं. फळा ओल्या स्पंजने पुसतात, त्याच्या पाळ्या. कुठले शिक्षक आज आले नाहीत ते एका स्क्रीनवर लागतं आणि शेवटचा तास रद्द झाला तर पोरं सरळ घरी, ऑफ तासाला कोणी गणिताच्या बाई येऊन बसत नाहीत (आमच्या पोरींना जर्मनीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर हे). पण लेकीच्या डोक्यात जे घुसलं ते वेगळंच. तिथे वर्गात बोलण्याचे मार्क असतात. लेखी परीक्षा आहेच, पण तुम्ही तासाला किती बोलता, काय विचारता, दुसऱ्याच्या म्हणण्यावर काय म्हणता, याचा निकालात मोठा वाटा. त्यामुळे हात सतत वर. चूक उत्तर दिलं तरी कोणी हसत नाही, बाई म्हणतात ठीक, आता दुसरं कोणी, आणि पुढे. इतिहासाच्या तासाला बाईंनी लेकीला विचारलं की ब्रिटिशांबद्दल तुम्ही शाळेत काय शिकता, आणि तिला म्हणे धडा पाठ होता, तारखा पाठ होत्या, पण "तुला स्वतःला काय वाटतं" याला तोंडातून शब्द फुटेना. त्या रात्रीच्या कॉलवर दहाची वीस मिनिटं झाली, मॅडमची माफी.

मार्कांवरून अजून एक गंमत. पार्टनरला गणिताचा पेपर मिळाला, त्यावर मोठा "२". ही बिचारी तिला धीर द्यायला लागली की जाऊ दे, पुढच्या वेळी होईल, आणि ती पार्टनर खुशीत, कारण तिकडे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ६ म्हणजे नापास.

तर हे सगळं मिळालं किती दिवस, जेमतेम एक आठवडा. बाकीचे दिवस एजंटने "कल्चरल एक्स्पोजर" या नावाखाली बसमध्ये घातले. बर्लिन, हांबुर्ग, ब्रेमरहाफेन, आणि एक पूर्ण दिवस शॉपिंग आउटलेट, चौदा वर्षांच्या पोरांना, ज्यांच्या खिशात आईबाबांनी मोजून दिलेले युरो! बर्लिनला राइशटागचा (जर्मन संसदेची इमारत) काचेचा घुमट बघायला पैसे पडत नाहीत, फक्त आधी ऑनलाइन नावं नोंदवावी लागतात. आयटिनररीत छापलेलं होतं, नावं नोंदवलीच नव्हती. बाहेरून ग्रुप फोटो काढून परत. ब्रेमरहाफेनचं क्लिमाहाउस (हवामानावरचं म्युझियम) मात्र पोरांना खरंच आवडलं, एकाच रेखांशावरून पृथ्वीला फेरी मारल्यासारखं आत फिरायचं, एका खोलीत घाम, पुढच्यात कुडकुड, हे ठेवा. बाकीचं ग्रुप टूरवाले काका दाखवतीलच की कधीतरी.

आणि फिरायचंच तर खुद्द ब्रेमन काय कमी आहे? टाउन हॉल आणि रोलांड या योद्ध्याचा पुतळा २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, पुतळा १४०४ सालचा, सहाशे वर्षं चौकात उभा. टाउन हॉलच्या कडेला ग्रिम बंधूंच्या गोष्टीतल्या गाढव-कुत्रा-मांजर-कोंबड्याचं ते शिल्प, आपण कल्पना करतो त्यापेक्षा बरंच छोटं आहे पण गाढवाचे पुढचे पाय लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखे चमकवलेत. दोन्ही हातांनी धरायचे, एका हाताने धरलं तर एका गाढवाने दुसऱ्याला राम राम केला म्हणतात. आमच्या बॅचच्या फोटोत किती जणांनी एका हाताने धरलंय ते मी सांगत नाही. पण सगळ्यात भारी वाटलं ते होस्ट बाबांनी रविवारी (सगळी दुकानं बंद, चिडीचूप) सायकलवरून नेऊन दाखवलेलं. स्टेशनच्या मागच्या बागेत विटांचा प्रचंड हत्ती. १९३२ मध्ये जर्मन वसाहतींच्या कौतुकाचं स्मारक म्हणून उभा केला, पुढे लोकांनी आक्षेप घेतले, आंदोलनं झाली, आणि १९९० मध्ये तोच हत्ती वसाहतवादाच्या विरोधातलं स्मारक म्हणून जाहीर केला. पाडला नाही, अर्थ बदलला. बाबांनी तिथे उभं राहून आपल्या देशाने आफ्रिकेत काय केलं ते मुलांना शांतपणे सांगितलं. लेकीला आधीचा तो इतिहासाचा तास होताच डोक्यात, ती म्हणे मला आता थोडं बोलता आलं.

सगळ्यांना असंच घर मिळालं असं समजू नका, तो पूर्ण नशिबाचा भाग. एका मुलाला शहराबाहेरचं खेडं मिळालं, बस तासाला एक, आईने इकडे डोक्याला हात लावला, आणि तो पठ्ठ्या गोठ्यात रमला, परत यायला तयार नव्हता. एका मुलीची पार्टनर पहिल्या दिवसापासून मोबाइलमध्ये डोकं घालून, बोलायचीच नाही, आणि ही रडकुंडीला आलेली. पण त्या घरात खालच्या मजल्यावर आजी होती जिला इंग्लिश अजिबात येत नव्हतं. ही रोज दुपारी त्या आजीकडे, केक करायला, पत्ते खेळायला, भाज्या निवडायला. परत आल्यावर अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात चांगलं जर्मन कोणाचं तर हिचं. कारण बाकीच्यांचं काय झालं, जर्मन पोरांचं इंग्लिश इतकं चांगलं की आपलं पोर जरा अडखळलं की ती लगेच इंग्लिशवर येतात, आणि आपण मग इंग्लिशमध्येच जर्मनी करून येतो. म्हणून फॉर्ममध्ये आवडीनिवडीचा रकाना असतो तिथे सरळ लिहा, घरात आजी-आजोबा किंवा लहान भावंडं असलेली फॅमिली चालेल. लहान भावंडं तर डेर-डी-दास (जर्मनमधली शब्दांची लिंगं) चुकलं की तोंडावर हसतात, त्यासारखा क्लास नाही.

आता ऑक्टोबर. तिकडची शरद सुट्टी आणि आपलं नवरात्र बरोब्बर जुळलं. पार्टनर आमच्या घरी. ऑक्टोबर हीट, तिला एसी नको, पंखा नको, खिडकी सताड उघडी हवी, आणि मग डास. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं, ओआरएस, मऊ भात, सासूबाईंनी तिचा ताबा घेतला. दोघींना एकमेकींची भाषा शून्य, तरी सासूबाई तिच्याशी अखंड मराठीत बोलायच्या आणि ती अखंड मान डोलवायची. सोसायटीतल्या भोंडल्याला पाटावर हत्ती काढलेला बघून ती थांबली आणि लेकीला म्हणाली, तुमच्याकडे पण? मग त्या दोघींचं तिथेच, खिरापत ओळखायचं सोडून, ब्रेमनच्या हत्तीवर सुरू झालं. दसऱ्याला सोनं दिलं तर तिने ती आपट्याची पानं वहीत घालून ठेवली, कोजागिरीला मसाला दूध तीन ग्लास प्यायली.

आपल्या शाळेत मात्र ती जरा गप्प झाली. प्रार्थना, राष्ट्रगीत, बाई आल्या की पन्नास मुलं एका सुरात गुड मॉर्निंग, हे सगळं तिला आवडलं. पण दोन दिवसांनी तिने लेकीला विचारलं, तुमच्या वर्गात कोणी प्रश्न का विचारत नाही? त्यावर आमच्या कन्येने काय करावं, विज्ञानाच्या तासाला हात वर केला. एकदा नाही, सारखा. पुढच्या ओपन हाउसला मला सांगण्यात आलं की मुलगी हुशार आहे पण "तास पुढे सरकू देत नाही". मी बरं म्हणाले आणि घरी येऊन लेकीला आइस्क्रीम दिलं.

या भागाला एजंट नाही, बस नाही, आयटिनररी नाही, मुलं रिक्षाने फिरली, एका शनिवारी दोन रिक्षा करून सगळी ब्रेमन चौकात जाऊन पाटीखाली फोटो काढून आली, ट्रॅफिक पोलिसाने हाकलेपर्यंत. खर्च जवळपास शून्य. त्यामुळे ज्या शाळा "रिटर्न व्हिजिट ऑप्शनल" असं देतात तिथे पुन्हा विचार करा, ते अर्धंच एक्सचेंज आहे, आणि घर लहान आहे म्हणून लाजू नका, आमचं टू बीएचके आहे, सासूबाईंसकट.

पुढच्या बॅचच्या पालकांनी पहिल्या मीटिंगला एवढंच धरून बसा: शाळेतले दिवस किती आणि बसमधले किती, लेखी द्या. आम्ही सगळ्यांनी मिळून मॅडमना मेल केला आहे, पुढच्या वर्षी बर्लिन एका दिवसावर आणायचं आणि आउटलेट काढूनच टाकायचं यावर त्या तयार आहेत, तिकडच्या मॅडमचं तर आधीपासून तेच म्हणणं होतं म्हणे.

गिफ्टचं राहिलं. पितळी मूर्ती, मोठे फ्रेम वगैरे नेऊ नका, वजन जातं आणि त्यांच्या घरात ठेवायला जागा नसते. युरोपात सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा साजूक तुपाची बरणी, श्रीखंड असलं काही भरू नका, एका आईने भरलेलं पॅकिंगच्या रात्री आम्ही काढायला लावलं. शेंगदाण्याची चिक्की चालली, खणाचे पाउच चालले, आणि बाकरवडी तर धावली. होस्ट बाबांनी अर्धा किलोचं पाकीट एका मॅचमध्ये एकट्याने संपवलं आणि पुढच्या बॅचला एक किलो पाठवा असा निरोप आलाय, तेव्हा ज्याचं पोर त्यांच्याकडे लागेल त्याने बॅगेत जागा ठेवा.